गायरान, गायकी आणि कोंडवाडा

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेस आरंभ केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याचा वसंत असला पाहिजे. आमच्या पांढरकवड्याचा वसंत निराळा. येथे पळस फुलतो न फुलतो तोच उन्हाची धग लागते, कापसाची शेवटची वेचणी आटोपते आणि शेते उघडी पडतात. या उघडे पडण्याला वऱ्हाडात एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे: उलंगवाडी. उलंगवाडी झाली की बांधाचा अर्थ सरतो. ज्या शेतात श्रावणात दुसऱ्याचे वासरू शिरले असते तर दोन घरांचे बोलणे बंद झाले असते, त्याच शेतात चैत्रात कोणाचीही गाय पऱ्हाटीची पाने ओरबाडीत हिंडते आणि धनी तिच्याकडे मान वर करूनही पाहात नाही. चार महिने शेत धन्याचे, चार महिने पिकाचे आणि उरलेले चार महिने गावच्या गुरांचे, असा हा जुना करार आहे. तो कोठे लिहिलेला नाही. म्हणून तो केव्हा मोडला हेही कोणी लिहून ठेवले नाही.

या करारातला शेवटचा भाग मात्र आज श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मृग बरसला तरी गुरे घरी परतत नाहीत. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आमच्या गावावरून जातो. पावसाळ्यात रानात चिखल आणि माश्या, तर डांबर कोरडे व उबदार; म्हणून रात्री पन्नास-पन्नास जनावरे त्या रस्त्यावर बसकण मारतात. दिवस उजाडण्यापूर्वी तीच उठून कोणाच्या तरी तुरीत शिरतात. रोही आणि रानडुक्कर यांच्या भयाने शेतकरी जागलीला जातच होता. आता मळ्यात चाहूल लागली तर ती रानाची की गावाची, हेही त्याला अंधारात ओळखावे लागते.

सरकारी कागदांत यांना 'मोकाट जनावरे' म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण फसवा आहे. मोकाट म्हणजे जंगली नव्हे. गवा जंगली, रोही जंगली. त्यांना कधी दावे लागलेच नव्हते. मोकाट गाय ही दावे सुटलेली गाय आहे. तेव्हा तिचा विचार करताना गाय अशी का वागते हे विचारण्यापेक्षा दावे कोणी, केव्हा व कशासाठी सोडले हे विचारले पाहिजे, आणि हा प्रश्न इतिहासाचा आहे. आजच्या लेखात तोच शोध घेण्याचा आमचा विचार आहे.

जुनी व्यवस्था तीन गोष्टींवर उभी होती: आखर, गायकी आणि चराईचे रान. सकाळी घरोघरची गुरे सोडली की ती गावाच्या कडेच्या आखरावर गोळा होत. तेथून गायकी ती हाकून रानात नेई आणि दिवस मावळताना परत आणी. गुरे आपापले घर ओळखत. गायक्याला दारोदार जावे लागत नसे. त्याच्या मजुरीचा हिशेब गुरामागे ठरलेला असे आणि बराचसा धान्यात भागे. विदर्भात हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने गोवारी समाजाने केले. पोळा भरतो तो आखरावरच, आणि दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन निघते तेही गोवाऱ्यांच्या नाचाने. म्हणजे वर्षातले दोन मोठे सण या व्यवस्थेच्या अंगावरच बसवलेले आहेत. श्रोत्यांपैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना संध्याकाळची ती धूळ आठवत असेल. आम्हांला त्या धुळीचे कवित्व सांगावयाचे नाही. तिच्यामागचा हिशेब सांगावयाचा आहे. शंभर घरांची चारशे गुरे दोन-तीन माणसे राखीत. प्रत्येक घराने आपले गुरू आपण राखावयाचे म्हटले असते, तर प्रत्येक घरचा एक माणूस त्यातच अडकला असता.

चराईच्या रानाची कल्पना तर फारच प्राचीन. मनुस्मृतीने गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीचा पट्टा गुरांसाठी मोकळा ठेवावा असे सांगितले आहे आणि नगराभोवती त्याच्या तिप्पट. धनुष्य म्हणजे चार हात धरले, तर हा पट्टा चारशे हातांचा होतो. त्या पट्ट्यालगतच्या, कुंपण नसलेल्या शेतात गुरू शिरले तर गुराख्याला दंड नाही, असाही नियम तेथे आहे. म्हणजे रानालगत पेरावयाचे असेल तर कुंपण घालण्याचे ओझे शेतकऱ्यावर. आणखी एक अपवाद आहे, तो आमच्या विषयाला फार जवळचा आहे. नुकतीच व्यालेली गाय, वळू आणि देवाला सोडलेली जनावरे यांच्याकडून नुकसान झाले तरी दंड नाही. देवाला सोडलेले जनावर म्हणजे धनी नसलेले जनावर. तेव्हा मोकाट गुरांची गोष्ट आजची आहे असे कोणी समजू नये.

वृषोत्सर्गाची चाल सर्वांस ठाऊक आहे. मेलेल्या वडीलमाणसाच्या नावे गोऱ्हा सोडावयाचा, त्याच्या अंगावर त्रिशूळ-चक्राचा डाग द्यावयाचा, आणि मग तो कोणाचाच नाही व सगळ्यांचा आहे. धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी या चालीत व्यवहार होता. सोडावयाचा तो उमदा गोऱ्हा. तोच गावच्या गाईंचा वळू होई, आणि गावाला न विकत घेता, न पोसता चांगली पैदास मिळे. त्याने चार घास जास्त खाल्ले तर तो त्याचा मेहेनताना. पण इंग्रजी कायद्याला हे कोडे सुटेना. १८८५ च्या सुमारास अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे असाच एक सोडलेला वळू आला. कोणी तो परस्पर आपलासा केला होता. न्यायालयाने विचार केला की चोरी व्हावयास वस्तू कोणाच्या तरी मालकीची पाहिजे. सोडणाऱ्याने तर मालकी सोडून दिली. तेव्हा हा वळू 'मालमत्ता'च नव्हे, म्हणून त्याच्या बाबतीत चोरीचा गुन्हाही नव्हे! सगळ्या गावाचा जो होता तो कायद्याच्या पुस्तकात कोणाचाच राहिला नाही. गावाची मालकी ही गोष्ट त्या पुस्तकाला ओळखीची नव्हती, हे ध्यानात ठेवावे. पुढे तेच पुन्हा पुन्हा आडवे येते.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. आमचा जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला मिळाले १९०५ मध्ये. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचे दैव फिरले. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत आगगाडी आली. त्याबरोबर दोन गोष्टी झाल्या. कापसाने पडीक रान खाल्ले, आणि आगगाडीने बंजाऱ्यांचे तांडे बसविले. हजारो लदाऊ बैल पाठीवर गोण्या घेऊन ज्या वाटांनी चरत चरत जात, त्या वाटाच नाहीशा झाल्या. त्या बैलांना मागणी होती, त्यांची पैदास करणारे होते. ती साखळी तुटली. लक्ष्मण सत्या या इतिहासकारांनी एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडच्या गुरांचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. कापसाची भरभराट आणि गुरांची खालावण या एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत, असे त्यांचे प्रतिपादन आहे आणि आम्हांस ते पटते.

मोजणी आली, आणि तिच्यापाठोपाठ जंगलखाते आले. वऱ्हाडातल्या सरकारी जंगलांचे तीन वर्ग पाडले गेले. पहिला इमारती लाकडाचा व जळणाचा, दुसरा राखीव गवताचा म्हणजे रमण्यांचा, आणि तिसरा चराईचा. चराईसाठी पास आले, पासाला फी आली. जंगलाबाहेर गुरांसाठी जी सरकारी जमीन उरली ती दप्तरातल्या एका अक्षराने ओळखली जाऊ लागली, आणि ते अक्षर अजून आमच्या तोंडी आहे. नांदेडचा माणूस 'गायरान' म्हणतो, आम्ही 'ई-क्लास' म्हणतो. यवतमाळ जिल्ह्यातला निरक्षर म्हाताराही इंग्रजीतले हे एक अक्षर बिनचूक उच्चारतो; त्याला ते शाळेने शिकविलेले नाही, तलाठ्याने शिकविले आहे.

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्याने गायराने आपल्या पोटात घातली आणि गरिबांच्या गुरांना पाय टेकावयास जागा ठेवली नाही, ही तक्रार आहे. ते देशावरचे लिहीत होते. वऱ्हाडची कथा त्याहून वेगळी नव्हती.

आता कोंडवाड्याकडे वळू. येथे थोडे रेंगाळावे लागेल, कारण मोकाट गुरांविषयी आजवर सरकारने जो काही एकच कायदा मनापासून केला, तो हाच. १८५७ साली पहिला कायदा झाला आणि १८७१ साली त्याच्या जागी नवा आला. हा १८७१ चा पहिला कायदा, म्हणजे त्या वर्षी कलकत्त्यात सरकारच्या हातून निघालेली पहिली गोष्ट गुरांच्या अतिक्रमणाविषयी होती! पिकात गुरू शिरले तर शेतकऱ्याने ते धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे. धन्याने येऊन दंड व चाऱ्यापाण्याचा खर्च भरावा आणि गुरू सोडवून न्यावे. दंडाचे कोष्टक कायद्यातच दिलेले होते: हत्तीला दोन रुपये, उंट किंवा म्हैस आठ आणे, घोडा, बैल, गाय चार आणे, वासरू, गाढव, डुक्कर दोन आणे, शेळीमेंढीला एक आणा. वऱ्हाडात हत्ती कोंडवाड्यात कोण आणून घालणार होता, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक.

सात दिवसांत धनी आला नाही तर कोंडवाडेवाल्याने पोलिस ठाण्याला कळवावयाचे. मग जाहीर नोटीस लावावयाची आणि गावात व जवळच्या बाजारात दवंडी पिटावयाची. आणखी सात दिवस वाट पाहून जाहीर लिलाव. लिलावात कोंडवाडेवाल्याने किंवा पोलिसाने स्वतः बोली लावू नये अशी स्पष्ट मनाई आहे. मनाई आहे यावरून काय होत असे याचा तर्क श्रोत्यांनी करावा. धरलेले गुरू कोणी जबरीने सोडविले तर सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड. उलट कोणी खोडसाळपणे गुरू धरून नेले तर दहा दिवसांत फौजदारी तक्रार करता येई. ही दोन्ही कलमे वाचली की गावातली निम्मी भांडणे डोळ्यांपुढे उभी राहतात. कोंडवाडा हे न्यायाचे साधन होते, आणि भाऊबंदकीचे शस्त्रही होते.

या कायद्याचा हात पुढे रानातही पोचला. १९२७ च्या वन कायद्यात असे कलम आहे की, राखीव जंगलात गुरू शिरले तर त्याने सार्वजनिक लागवडीचे नुकसान केले असे मानावे आणि वनरक्षकाने ते धरून कोंडवाड्यात घालावे. दंड मात्र वाढविण्याची मुभा ठेवली: गाईबैलाला रुपयापर्यंत, म्हशीला दोन रुपयांपर्यंत. शेतकऱ्याच्या ज्वारीत तोंड घातले तर चार आणे आणि सरकारच्या गवतात तोंड घातले तर रुपया, असा हा भाव निघाला. ज्या रानात आजोबांची गुरे चरली त्याच रानात नातवाचे गुरू गुन्हेगार ठरले, आणि तेही एका शब्दाच्या करामतीने. गवत होते तेथेच होते, त्याला 'लागवड' म्हटले एवढेच.

पण आम्हांस या कायद्यातली खरी गोम निराळीच वाटते. त्याची सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे: धनी येईल. धनी येईल, कारण बैलाची किंमत चार आण्यांपेक्षा पुष्कळ आहे. तो न आला तर लिलावात कोणीतरी घेईल, कारण बैलाला बाजार आहे. जोवर हे खरे होते तोवर कोंडवाडा चालला. दंडातून खर्च भागून स्थानिक निधीत शिल्लकही पडे. ज्या दिवशी गुराची किंमत त्याच्या सोडवणुकीच्या खर्चाखाली उतरेल त्या दिवशी कोंडवाड्याचे काय होईल, याचा विचार १८७१ मध्ये कोणी केला नाही. करण्याचे कारणही नव्हते.

तो दिवस हळूहळू आला. १८९९-१९०० च्या छप्पन्नच्या दुष्काळात वऱ्हाडातल्या गुरांचा संहार झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने एका दुष्टचक्राकडे बोट दाखविले: चारा कमी, म्हणून जनावर निकृष्ट, निकृष्ट, म्हणून एका चांगल्या बैलाचे काम भागविण्यास तीन ठेवावे लागतात, तीन ठेवले, म्हणून चारा आणखी कमी. आमच्या शेजारी वर्धेकडे गवळाऊसारखी देखणी जात टिकून होती, ती तिला राखणारे लोक आणि चराई टिकली तेथेच.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाला दुसरे वळण लागले. मध्यप्रांत व वऱ्हाडने १९४९ मध्ये पशुसंरक्षणाचा कायदा केला. बिहार व उत्तर प्रदेशच्या कायद्यांबरोबर त्यालाही आव्हान मिळाले आणि १९५८ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गाय कोणत्याही वयाची असो, तिच्या कत्तलीला बंदी योग्य. कामाच्या बैलांनाही संरक्षण योग्य. परंतु काम संपलेल्या बैलाच्या बाबतीत पूर्ण बंदी योग्य नव्हे, कारण निरुपयोगी जनावर कामाच्या जनावराचा चारा खाते. न्यायाधीशांनी धर्मग्रंथ पाहिले तसा चाऱ्याचा हिशेबही पाहिला होता. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ते मत बदलले. बैल म्हातारा झाला तरी शेण देतो, तेव्हा तो निरुपयोगी नव्हे, हा त्यातला एक मुद्दा होता.

येथे पहिल्या पंचवार्षिक योजनेतली एक विसरलेली कल्पना सांगितली पाहिजे. तिचे नाव गोसदन. म्हातारी व भाकड गुरे शेतीपासून दूर, जंगलात किंवा पडीक सरकारी रानात न्यावीत, तेथे गवतपाणी असेल, आणि त्यांनी आपले उरलेले आयुष्य तेथे काढावे. मेल्यावर कातडे व हाडे कामी यावीत. देशभरात अशी १६० गोसदने उघडण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात त्यांतली थोडीच निघाली. कल्पना मूर्खपणाची नव्हती. परंतु दूरच्या रानापर्यंत म्हातारी गाय चालवीत नेणार कोण, आणि ते रान रिकामे आहे असे कोणी ठरविले? योजनेच्या कागदावर जे रान 'पडीक' होते तेथे कोलामांचे पोड होते, गोंडांची शेते होती, कोणाची तरी गुरे आधीच चरत होती. सरकारी रानात जनावरे सांभाळण्याचा हा पेच आपल्याच देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेने १९७१ मध्ये पश्चिमेकडील सरकारी कुरणांतल्या मोकाट घोड्यांना कायद्याने अभय दिले. घोडे वाढले, गवत वाढले नाही. तेव्हा सरकार ते धरून आणते आणि गवत घालून पोसत बसते. असे पोसलेले घोडे साठ हजारांवर गेले आहेत. श्रीमंत देशाचे हे गोसदन!

इकडे ई-क्लासचे काय झाले? ते खाल्ले गेले हे सर्व जाणतात. कोणी खाल्ले हे सांगताना मात्र जपून बोलले पाहिजे. शाळा, पाणीटाकी, स्मशान, वसाहत, सरकारी गोदाम, सगळ्यांना जागा लागली आणि सगळ्यांची नजर ई-क्लासवर गेली. कारण ती जमीन मागावयास कोणा शेतकऱ्याच्या दारी जावे लागत नाही. काही धनवंतांनी बांध सरकवीत नेला. पण भूमिहीनांनीही तेथेच नांगर घातला, आणि त्यांना दुसरी जमीन कोण देणार होते? दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी हाच प्रश्न उभा केला होता. १९७८ आणि १९९१ च्या शासननिर्णयांनी अशी कितीतरी अतिक्रमणे नियमित झाली, आणि आमच्या मते त्यात न्याय होता. गाईचे रान माणसाच्या पोटाला गेले. मात्र दुसरे रान त्या गाईला मिळाले नाही. १९६६ चा जमीन महसूल कायदा गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवण्याची तरतूद करतो; २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले आणि त्याच वर्षी जुलैत राज्याने तसा शासननिर्णयही काढला. कागदावर गायरानाइतके सुरक्षित काही नाही.

आखर गेले, रान आटले, तेव्हा गायकी टिकणार कशी? २३ नोव्हेंबर १९९४ या दिवशी नागपुरात विधानभवनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. त्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे गेली. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. मागणी होती अनुसूचित जमातीच्या हक्कांची. त्या मोर्च्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष एकाच गोष्टीकडे जाते. शतकानुशतके ज्यांनी विदर्भाची गुरे राखली ते लोक दुसऱ्या उपजीविकेची वाट मागत उपराजधानीत उभे होते. गायकी हे पोट भरण्याचे काम उरले नाही, याची याहून मोठी साक्ष कोणती?

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टर आला आणि बैलजोडीचे काम गेले. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजातून विदर्भातल्या संकटग्रस्त शेतकऱ्यांना भरपूर दूध देणाऱ्या गाई निम्म्या किमतीत वाटण्यात आल्या. गाय आली, पण तिचा चारा कोठून यावयाचा हा प्रश्न राहिलाच. तिला पोसता पोसता माणूस टेकीला आला अशा कथा त्या काळी गावोगाव ऐकू येत. राज्यात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने आधीच बंद होती. ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीखाली आले. या कायद्यामागच्या श्रद्धेशी आम्हांला वाद घालावयाचा नाही. संविधानातही गोरक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व आहे. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने घडलेले टिपले पाहिजे. म्हाताऱ्या बैलाला बाजारात जी किंमत येई, तिच्यात थोडे घालून शेतकरी नवा गोऱ्हा घेई. ती किंमत गेली. १८७१ च्या कायद्याचे गृहीत त्या दिवशी पुरते कोसळले. आता कोंडवाड्यात गुरू घातले तर धनी येत नाही, कारण ते सोडविणे म्हणजे खर्च विकत घेणे. आणि लिलाव पुकारला तर बोली येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे पन्नास लाख मोकाट गुरे मोजली गेली. त्याच गणनेत महाराष्ट्रातले एकूण गोधन सात वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी घटलेले दिसले. गाय पूज्य झाली आणि पाळणारे कमी झाले, या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या.

पांढरकवड्याच्या माणसाला या गोष्टीचा शेवट ठाऊक आहे, कारण तो आमच्याच रानात घडला. १९९७ मध्ये टिपेश्वरचे सुमारे १४८ चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य झाले. तेथली चराई बंद झाली, वाघ वाढले. वाढलेले वाघ बाहेर पडले ते केळापूर आणि राळेगाव तालुक्यांतल्या झुडपी रानांत, जेथे कापसाचे शेत कोठे संपते आणि जंगल कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. त्या रानांत हरणे थोडी, गुरे पुष्कळ. २०१६ ते २०१८ या दोन वर्षांत तेरा माणसांचा मृत्यू एका वाघिणीशी जोडला गेला. तिला कोणी टी-१ म्हटले, कोणी अवनी. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात ती गोळीने मारली गेली, आणि ती तशी मारावी की नाही यावर मुंबई-दिल्लीपर्यंत वाद माजला. त्या वादात मेलेल्या तेरांविषयी थोडे बोलले गेले, आणि त्यांत गुरे राखणारे होते याविषयी त्याहून थोडे. आखर आणि दोन-तीन गायकी असते तर माणसे वाचली असती, असे छातीठोकपणे आम्ही म्हणणार नाही. वाघ आपल्या हिशेबाने चालतो. पण पूर्वी चारशे गुरांमागे तीन माणसे एकत्र, आरडाओरडा करीत, ठरलेल्या वेळी ठरलेल्या रानात असत. आता ज्याची चार जनावरे उरली आहेत तो एकटा माणूस त्यांच्यामागे झुडपात शिरतो, आणि ज्यांना धनी नाही ती रात्रभर रानातच असतात.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज पन्नास रुपयांचे अनुदान ठरविले. कोंडलेल्या गाईला चाऱ्याचा आधार मिळाला हे चांगलेच झाले. १८७१ चा कायदा तर कोंडलेल्या गाईचा खर्चही तिच्या धन्याकडूनच वसूल करी. आमचे म्हणणे एवढेच की अनुदान गोठ्यापर्यंत आले आणि रानापर्यंत आले नाही. चारशे गुरे दिवसभर राखून संध्याकाळी घरोघर पोचविणाऱ्या माणसासाठी कोणत्याच सरकारी कागदावर एक रकाना नाही. गोशाळेतल्या दहा गाईंचे अनुदान दिवसाला पाचशे होते; तेवढ्यात एका गायक्याची मजुरी निघेल, आणि तो दहा नव्हे, शंभर राखील. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला चराईचा सामूहिक हक्क दिला आहे. ज्या गावांना तो मिळाला आहे त्यांना कोणते रान केव्हा बंद ठेवावयाचे आणि केव्हा उघडावयाचे हे ग्रामसभेत ठरविता येते. इंग्रजांच्या कायद्याला गावाची मालकी ओळखता आली नव्हती. या कायद्याला ती ओळखता येते. आता गावालाच ती ओळखता येते की नाही, एवढे पाहावयाचे राहिले.

उलंगवाडी होऊन गेली आहे. मृगाला अजून काही आठवडे आहेत. या अवधीत एखाद्या गावाने तलाठ्याकडून आपल्या ई-क्लासचा नकाशा मागवावा, चार जाणत्यांनी तो हातात धरून जमिनीवर चालत जावे, आणि आखराची जागा अजून कोठे शिल्लक आहे ते पाहावे. पोळ्याला बैल उभे करण्यापुरती तरी ती पुष्कळ गावांनी राखली आहे.